वाचनालयाचं सोशल मीडिया: आधी काउंटर, मग फेसबुक

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं (सरकारी प्रतवारीतलं) सार्वजनिक वाचनालय, माणसं दोनच, तुम्ही आणि एक शिपाई, आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या मीटिंगमधे कुणीतरी म्हणालं की आता आपलं पण फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब सगळं पाहिजे, पैसे मात्र काही मिळणार नाहीत. आणि हे सगळं संध्याकाळची पुस्तकांची देवघेव सांभाळून तुम्हीच करायचंय. माझी सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयातच गेली आणि आता आजूबाजूच्या छोट्या वाचनालयांना हेच बसवून द्यायला जातो, तर जे बघितलंय ते सांगतो. थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे सगळं एकदम उघडू नका. बहुतेक ठिकाणी काय होतं, एका दिवशी चार पेजेस उघडतात, मग 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा फोटो, मधे कुणाचा तरी सत्कार, शाल श्रीफळ, आणि वर्षानं पेज खाली खाली सरकवत गेलं की पुस्तक एकही दिसत नाही, नुसत्या शाली. अध्यक्ष खूष, पण वाचकाला त्यात काय? त्याला विचारायचं असतं आज उघडं आहे का, नवीन काय आलं, मला पाहिजे ते पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन, त्यांनी 1931 मधे जी पाच सूत्रं मांडली ती आपण सगळ्यांनी कोर्सला पाठ केलीत, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, एवढं एक जरी फोन हातात घेताना लक्षात ठेवलं तरी निम्म्या पोस्ट आपोआप गळतात. काउंटरवर जे काम तुम्ही करता तेच फोनवरून करायचं, वेगळं काही नाही. आणि त्यासाठी गावातल्या वाचनालयाला सध्या एकच जागा खरी उपयोगाची आहे, व्हॉट्सअप. बाकीचं नंतर, जमलं तर.

व्हॉट्सअप म्हणजे लगेच ग्रुप काढायचा असं नाही, उलट ग्रुप शक्यतो काढूच नका. सगळ्या सभासदांना एका ग्रुपमधे घातलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, मग कुणीतरी एखाद्या बाईंना रात्री साडेदहाला "हाय" पाठवतो आणि त्या दुसऱ्या दिवशी ग्रुपही सोडतात आणि वाचनालयही. शिवाय गुड मॉर्निंग, देवाचे फोटो, निवडणूक आली की पक्षांची पत्रकं, आणि मग तुम्ही ग्रंथपाल राहत नाही, दिवसभर मेसेज डिलीट करणारे अॅडमिन होता. काढायचाच असेल तर फक्त अॅडमिननं लिहायचं ही सेटिंग पहिल्या मिनिटाला लावा, नंतर लावली की लोकांना राग येतो. त्यापेक्षा व्हॉट्सअप चॅनेल बरा, त्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, माणूस आपणहून फॉलो करतो, कंटाळला की गुपचूप सोडतो. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, पण आहे पण त्यात 256 ची मर्यादा आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, त्यामुळे लहान वाचनालयाला ठीक. सभासद फॉर्म भरून घेतानाच "आमचा नंबर सेव्ह करा" म्हणून समोर उभं राहून करून घ्यायचं, नंतर कुणी करत नाही.

आणि साधं व्हॉट्सअप नको, बिझनेसचं अॅप घ्या, ते फुकटच आहे. वाचनालयाच्या लँडलाइन नंबरवर सुद्धा ते चालू होतं, कोड मेसेजऐवजी फोन करून सांगतात. त्यात तीन चार गोष्टी आपल्या फार कामाच्या आहेत. वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं, तिथे वेळ आणि साप्ताहिक सुट्टी लिहून टाका, "आज उघडं आहे का" हे विचारणारे निम्मे तिथेच भागतात. ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, वर्गणी किती, अनामत किती, सभासद व्हायला काय काय आणायचं, दिवसात दहा वेळा तेच टाइप करायला नको. लेबलं लावता येतात, मी "नंबर लावलाय", "पुस्तक आलंय, कळवायचं" आणि "मुदत संपली" अशी तीन ठेवायला सांगतो, त्यापेक्षा जास्त ठेवली की आपणच विसरतो कुठलं कशाला. आणि कॅटलॉग म्हणून एक सोय आहे, ती खरं तर दुकानदारांसाठी आहे पण किमतीचा रकाना मोकळा सोडला तरी चालतो, आणि आयटम कोडच्या जागी सरळ दाखल क्रमांक, म्हणजे रजिस्टरमधला पुस्तकाचा नंबर, टाकायचा. महिन्यात आलेली नवी पुस्तकं तेवढी तिथे ठेवायची, पुढचा लॉट आला की जुनी काढायची. वाचक घरबसल्या बघतो, पुस्तकावर बोट ठेवून "हे ठेवा" म्हणतो, आणि तुम्हाला दाखल क्रमांकासकट मेसेज येतो म्हणजे कपाटापर्यंत जायला शोधाशोध नाही.

आता हे सगळं चालायला यादी पाहिजे. इथे बरेच जण अडकतात कारण संगणकीकरण म्हणजे मोठं काहीतरी असं डोक्यात बसलंय. कोहा नावाचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी बनलेलं आणि 2000 पासून चालू असलेलं, फुकट आणि मुक्त, पण ते सर्व्हरवर बसवायला आणि सांभाळायला कुणीतरी जाणकार लागतो, तुमच्याकडे तसा माणूस नसेल तर आज त्याच्या मागे लागू नका. एनआयसी म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे, सरकारी आहे, मराठी युनिकोड चालतं, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारून बघा. पण हे दोन्ही होईपर्यंत गूगल शीट पुरतं, खरंच पुरतं. दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, कपाट, एवढे रकाने बास.

शीटमधे दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच नीट करा. एक, फॉन्ट. पुष्कळ वाचनालयांत जुनी यादी श्रीलिपी किंवा तसल्याच कुठल्या तरी डीटीपी फॉन्टमधे कधीकाळी टाइप करून घेतलेली असते, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमधे बदलून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात, थोड्या चुका राहतात त्या हातानं दुरुस्त करायच्या. यादी छापील असेल तर पानाचा सरळ, उजेडात फोटो काढून गूगल ड्राइव्हमधे टाका आणि तो गूगल डॉक्समधे उघडा, खाली मराठी मजकूर काढून देतो, जोडाक्षरं आणि आकडे तेवढे तपासायचे. आणि नव्यानं टाइप करायचं असेल तर टाइप करूच नका, फोनच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोलायचं. शिपाई कपाटातून पुस्तक काढून नाव वाचतोय आणि फोन लिहून घेतोय, असं दुपारच्या रिकाम्या वेळात कपाटामागून कपाट होत जातं.

दुसरी गोष्ट लेखकाचं नाव. एके ठिकाणी "पु. ल. देशपांडे", दुसरीकडे "पु.ल.देशपांडे", तिसरीकडे "देशपांडे पु ल" असं असेल तर शोधताना एकच सापडतं आणि वाचकाला वाटतं वाचनालयात बाकीची पुस्तकंच नाहीत. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, टिंब आणि जागा ठरवून घ्या आणि ते ठरलेलं एका कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा. शिवाय एक जादा रकाना रोमन अक्षरांतला ठेवा कारण तरुण मुलं मराठी पुस्तक पण इंग्रजी अक्षरांतच शोधतात. मग ती शीट "फक्त बघता येईल" अशी करून तिची लिंक चॅनेलवर आणि काउंटरवर क्यूआर कोड करून लावा. सभासदांची शीट वेगळी, आणि ती कुणालाही शेअर नाही, याबद्दल खाली बोलतो. आणि हो, यामुळे कागदावरचं दाखलनोंद रजिस्टर बंद करायचं नाही, तपासणीला साहेब आले की ते आधी रजिस्टरच मागतात.

चॅनेलवर टाकायचं काय, तर इथे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे दिवाळी अंक. 1909 मधे का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली खास मराठी गोष्ट आहे आणि छोट्यातलं छोटं वाचनालयही दिवाळीला अंकांची वेगळी वर्गणी घेऊन योजना चालवतं. होतं काय, चार पाच नावाजलेल्या अंकांवर सगळे तुटून पडतात, त्यांचे नंबर मार्चपर्यंत लागलेले, आणि बाकीचे अंक टेबलावर तसेच कोरे. वाचनालयं काय करतात, सगळ्या मुखपृष्ठांचा ढीग मांडून एक फोटो टाकतात, "आमच्याकडे अंक दाखल". त्या फोटोतून वाचकाला काहीच कळत नाही. मुखपृष्ठ नको, अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो टाका. अंक सपाट पसरून, वरून, सावली न पडू देता, प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, खाली एक ओळ: अंकाचं नाव, आपल्याकडचा नंबर, आत आहे की बाहेर. वाचक अंक शोधत नसतो हो, तो लेखक शोधत असतो. त्याला आवडणाऱ्या कवीच्या कविता एखाद्या जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या अंकात आहेत हे त्याला अनुक्रमणिका बघूनच कळणार. पडून राहिलेल्या अंकांसाठी रोज एक पोस्ट करायची, एकाच लेखाबद्दल, तीन ओळी, कशाबद्दल आहे आणि कुणाला आवडेल. "शेतीवरचे लेख वाचणाऱ्यांनी हा बघा" एवढं सुद्धा पुरतं, पण तुम्ही स्वतः चाळलेलं पाहिजे, मागच्या पानावरची जाहिरात कॉपी करून नाही चालत, लोकांना लगेच समजतं.

आणि याचाच पुढचा भाग, जो फारच थोडी वाचनालयं करतात. त्या अनुक्रमणिका शीटमधे भरून ठेवा. लेखक, लेखाचं नाव, प्रकार, अंक, वर्ष. एका हंगामाचं काम जास्त नाही, एखाद्या कॉलेजच्या मुलाला किंवा रिटायर्ड शिक्षकांना दिलं तर आनंदानं करतात. पण चार पाच वर्षांची अशी सूची झाली की तुमच्याकडे असं काहीतरी तयार होतं जे विकत मिळत नाही, कारण दिवाळी अंकातलं लिखाण पुस्तकात आलं नाही तर कुठे गेलं ते सांगणारं कुणी नसतं. पीएचडी करणारी मुलं, चरित्र लिहिणारे, एखाद्या लेखकाच्या घरचे, अशा लोकांचे फोन मग बाहेरगावाहून येतात. जुने अंक रद्दीत घालण्याआधी निदान अनुक्रमणिकांचे फोटो तरी काढून ठेवा, माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरं एक सदर सुचवतो, "हे नक्की कुणाचं?" तुम्हाला माहितीच आहे, पुलंच्या नावावर जे उतारे फिरतात त्यातले कित्येक त्यांचे नाहीतच, तेच वपुंचं, तेच कुसुमाग्रजांचं आणि पाडगावकरांचं, कुणीतरी हौशीनं लिहिलेली कविता मोठ्या नावाखाली फिरत राहते आणि शाळेच्या फलकावर सुद्धा जाते. याला उत्तर देऊ शकेल असा माणूस गावात एकच, ग्रंथपाल, कारण पुस्तकं त्याच्यापाशी आहेत. आठवड्यातून एकदा एक फिरता मेसेज घ्यायचा, आपल्याकडच्या संग्रहांत शोधायचा, सापडला तर पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांकासकट "हो, हे त्यांचंच, इथे आहे", नाही सापडला तर तेवढंच प्रामाणिकपणे लिहायचं, "आमच्याकडच्या या या पुस्तकांत नाही". "त्यांचं नाहीच" असं ठाम म्हणायला जाऊ नका, आपल्याकडे सगळं वाङ्मय थोडंच असतं. लोकांना हे फार आवडतं, वाद घालायला येतात, आणि वाद घालायला आलेला माणूस पुस्तक घेऊनच जातो. शब्दांबद्दल कुणी विचारलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच, आणि साहित्य संस्कृती मंडळानं स्वतःची पुष्कळ पुस्तकं साइटवर पीडीएफ करून ठेवलीत. या लिंका ठरलेल्या उत्तरांत साठवून ठेवा.

पीडीएफ म्हटलं की दुखणं आलंच. वाचक विचारणार, "मॅडम, त्या कादंबरीची पीडीएफ आहे का?" आणि कुणीतरी उत्साहानं पाठवणार पण. वाचनालयाच्या नंबरवरून असली पीडीएफ एकही जाता कामा नये. नियम अवघड नाही, आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क असतो, ती 60 वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लिखाण 2011 पासून मोकळं. पु. ल. 2000 साली गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांबा. लेखक गेल्यावर प्रसिद्ध झालेलं लिखाण असेल तर 60 वर्षं प्रसिद्ध झाल्यापासून धरतात, ते वेगळं बघावं लागतं. आणि जुनं पुस्तक मोकळं असलं तरी त्याला आत्ताच्या कुणी लिहिलेली प्रस्तावना किंवा अनुवाद मोकळा नसतो. मोकळी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर शोधा, बरीच आहेत.

यूट्यूबवर कथावाचन हा प्रकार लॉकडाउनमधे जोरात झाला, हेतू चांगला, पण हयात लेखकाची अख्खी कथा वाचून चॅनेलवर टाकायची तर परवानगी लागते. लेखकाला एक साधा मेल करा, बहुतेक जण हो म्हणतात आणि त्यांना बरं वाटतं. तो मेल जपून ठेवा. पुस्तकाची ओळख करून देणं, मुखपृष्ठ दाखवणं, दोन परिच्छेद वाचणं, याला प्रकाशक कधी नाही म्हणत नाहीत असा माझा अनुभव, त्यांची जाहिरातच होते.

अभ्यासिका असेल तर तिथली मुलं टेलिग्रामवर असतात, व्हॉट्सअपवर तुमचं बघणार पण नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा टेलिग्राम चॅनेल काढा आणि तिथे फक्त पक्की माहिती टाका, एमपीएससीच्या स्वतःच्या साइटवरची जाहिरात, जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिकांची लिंक, अभ्यासिकेत आज जागा किती रिकाम्या. टेलिग्रामवर क्लासच्या नोट्स आणि चोरलेल्या पुस्तकांचा पूर असतो, त्यात आपण शिरायचं नाही.

गूगल मॅप्सवर वाचनालयाची नोंद मात्र याच आठवड्यात ताब्यात घ्या. ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते, चुकीच्या वेळेसकट, आणि परगावचा माणूस बंद दारावर येऊन एक स्टार देऊन जातो. व्हेरिफिकेशनला हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, बाहेरचा बोर्ड, रस्ता, आतलं काउंटर असं चालत चालत दाखवायचं. नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्ही, वर्णनात "अभ्यासिका" शब्द असू द्या.

फेसबुक मी शेवटी ठेवतो आणि ते वाचकांसाठी नाहीच, ते गाव सोडून गेलेल्यांसाठी. पुण्या-मुंबईत, अमेरिकेत असलेली माणसं लहानपणी ज्या बाकावर बसून मासिकं वाचली तो बाक बघून हळवी होतात आणि देणगी देतात. पण "पुस्तकं दान करा" अशी पोस्ट चुकूनही टाकू नका, जुनी गाइडं, फाटकी क्रमिक पुस्तकं आणि मागच्या दशकातली कॉम्प्युटरची पुस्तकं पोत्यानं येतात आणि ती नाकारताना वाईटपणा येतो. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी टाका, नाव आणि किंमत, "यातलं एक तुमच्याकडून". पैसे वाचनालयाच्याच खात्याच्या क्यूआरवर, तुमच्या स्वतःच्या कधीच नाही, आणि प्रत्येकाला पावती, ऑडिटला तेच लागतं. इन्स्टाग्राम एखादी कॉलेजची मुलगी स्वतःहून करते म्हणाली तर करू द्या, नाहीतर राहू द्या, काही बिघडत नाही.

आता सभासदांच्या माहितीबद्दल. कुणी काय नेलंय हे कुणालाही सांगायचं नाही, अगदी "ते पुस्तक अमक्यांकडे आहे, त्यांना विचारा" हे सुद्धा नाही. काउंटरवर आपण सहज बोलून जातो पण लिहिलेलं फिरतं. घटस्फोटावरचं, आजारावरचं, नोकरी बदलण्याबद्दलचं पुस्तक माणूस विश्वासानं नेतो. थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकणं हा तर हमखास सभासद घालवायचा मार्ग, ज्याची मुदत संपलीय त्याला एकट्याला मेसेज. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नको. वैयक्तिक डेटाचा कायदा 2023 मधे आलाय, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं.

मंडळाला आकडे हवे असतात, तर त्यांना लाइक दाखवू नका. महिन्याला चार ओळी द्या: व्हॉट्सअपवर किती जणांनी विचारलं, त्यातली किती पुस्तकं प्रत्यक्ष देवघेवीत गेली, नवीन सभासद किती, आणि लोकांनी मागितलेली पण आपल्याकडे नसलेली पुस्तकं कुठली. ती शेवटची ओळ ग्रंथखरेदीच्या वेळी सोनं आहे, नाहीतर विक्रेता जे गळ्यात घालेल ते आपण घेतो.

आणि पुढच्या मीटिंगला एवढा ठराव घेऊन तो प्रोसिडिंगमधे लिहून घ्या: सिमकार्ड आणि ईमेल वाचनालयाच्या नावावर, रिचार्ज कार्यालयीन खर्चातून, पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे, रात्री आठनंतर उत्तर द्यायचं बंधन ग्रंथपालावर नाही. बऱ्याच ठिकाणी हे सगळं ग्रंथपालाच्या स्वतःच्या फोनवर चालतं आणि तो निवृत्त झाला की नंबर, ग्रुप, फोटो, सूची सगळं त्याच्याबरोबर घरी जातं. त्यातलं रात्री आठचं कलम मंडळ गाळायला बघेल, ते गाळू देऊ नका.